चोथा

९ फेब्रुवारी

लिहायला फार उशीर झाला, माफी असावी. माफी कुणाची मागायची ते कळत नाही, म्हणून वहीचीच मागतो. सुनेने ही वही जानेवारीच्या दहा तारखेला माझ्या हातात दिली. म्हणाली, "बाबा, तुम्ही तिथे नुसते बसूनच असता, मुंगीचा ताप लिहीत जा." नुसते बसूनच! मी पेन शोधेपर्यंत तिने तापही मोबाइलमध्ये टिपायला सुरुवात केली. वही राहिली माझ्याकडे, महिनाभर कोरी. आता पोटात इतका राग साठला आहे की कुठे तरी ओतला पाहिजे. घरात ओतला तर ही म्हणते, "तुमचं तोंड म्हणजे वॉशर गेलेला नळ."

मुंगी माझी नात, पाच महिन्यांची. खरं नाव वेगळं आहे, पण जन्मली तेव्हा इतकी बारीक होती की मी मुंगी म्हणालो आणि तेच चिकटलं. प्रत्येक बाळाच्या छातीत, हृदयाच्या वर, एक ग्रंथी असते. हिला ती नाहीच. ती नसली की रोगाशी लढणाऱ्या पेशी तयार होत नाहीत. साधी सर्दी झाली तरी... पुढचं लिहीत नाही. म्हणून तिला हॉस्पिटलात काचेच्या दाराच्या खोलीत ठेवलं आहे. एका वेळी एकच माणूस आत, तोही कोपरापर्यंत हात धुऊन, टोपी, झगा, तोंडावर पट्टी. पोरीने आजोबाचं तोंड अजून धड पाहिलेलं नाही.

डॉक्टरांनी एक छापील कागद दिला. त्यावर त्या ग्रंथीचं नाव "यौवनलोपी". हे काय नाव झालं? पाच महिन्यांची पोर, तिला कसलं यौवन आणि कसला लोप! मी सातवीपर्यंतच शिकलो, पण असलं नाव ठेवायला माणसाला किती शिकावं लागत असेल!

बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी पाण्याच्या टँकरचा एक ड्रायव्हर बसतो. त्याच्या दोन महिन्यांच्या पोरीच्या हृदयाला छिद्र आहे, उद्या ऑपरेशन. तरी गडी हसतमुख. आज म्हणाला, "काका, अजून एका कागदावर सही घेतली बघा. हृदयापर्यंत जायला वाटेत कसलासा तुकडा आडवा येतो, तो काढून टाकतात म्हणे. टाकायचाच आहे तर दुसऱ्या कुणाच्या उपयोगी आला तर चालेल का, असं विचारत होते. म्हटलं, न्या."

मी त्याला चांगला झापला. असं कुणी सही करतं का? आज तुकडा नेतील, उद्या किडनी!

तो म्हणाला, "काका, माझ्या टँकरमधनं निम्मं पाणी रस्त्यावर सांडतं. सांडणारं पाणी कुणी बादलीत धरलं तर मी भांडायला जातो का?"

माणूस भला, पण व्यवहार शून्य.

१२ फेब्रुवारी

आज वाटीबाई भेटल्या. या प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाई, पोरसवदा, चष्मा सारखा नाकावर घसरतो. दिवसभर वाट्यांमध्ये काहीतरी वाढवत असतात म्हणून मी त्यांना वाटीबाई म्हणतो. त्यांच्या तोंडावर नाही.

मुलगा आणि सून दोघं समोर बसले होते, मी मागे उभा. खुर्ची कुणी दिली नाही. वाटीबाई म्हणाल्या, "मुंगीसाठी ऊतक मिळालं." ऊतक म्हणजे त्या ग्रंथीचा तुकडा. कुणाचा, ते सांगत नाहीत, तसा नियमच आहे. त्याचे पातळ काप करून वाट्यांमध्ये ठेवतात, रोज त्यांचं पाणी बदलतात, बारा ते एकवीस दिवस. मग ते काप मुंगीच्या मांडीत शिवायचे. मांडीत! ग्रंथी छातीत हवी, हे लावणार मांडीत. मी तसं म्हणालो. मुलगा म्हणाला, "बाबा, गप्प बसा ना." सुनेसमोर.

कुणाची असेल ती ग्रंथी? घरी हिला वाटतं कुणी तरी मोठ्या घरातलं असेल, ज्यांना सगळं कळतं, तीच माणसं असलं दान करतात. मलाही तसंच वाटतं.

टँकरवाल्याच्या पोरीचं ऑपरेशन परवा झालं. अजून नळ्या लावल्या आहेत. तो आज हसला नाही, पण मला अर्धा चहा पाजला.

२३ फेब्रुवारी

आज हॉलमध्ये जे झालं त्याची मला अजिबात लाज वाटत नाही.

आजचा तेरावा दिवस. वाटीबाई तिथे मुलाला सांगत होत्या, "तुकडे छान आहेत. त्यांच्यातल्या मूळच्या पेशी आम्ही धुऊन काढल्या आहेत. आता उरल्यात त्या फक्त आधार पेशी."

मी म्हणालो, "धुऊन काढल्या? लढणाऱ्या पेशी? त्याच तर आम्हाला हव्यात!"

"त्या दुसऱ्या बाळाच्या होत्या, आजोबा. त्या मुंगीला चालणार नाहीत, उलट तिच्यावरच उठतील."

"मग उरलं काय?"

"आधार पेशी."

फक्त आधार पेशी! माझं डोकं फिरलं. आमच्या पोरीला मोसंबी देतो म्हणाले, रस काढून घेतला आणि चोथा देतायत! मी हे सगळं मोठ्याने बोललो. हॉलमध्ये पन्नास माणसं असतील, सगळ्यांना ऐकू जाऊ दे म्हणून बोललो. "चोथा! गरिबाच्या नातीला चोथा! कुणाच्या तरी बाळाचं गाळून पिळून टाकलेलं आणून आमच्या पोरीच्या मांडीत कोंबणार!" रखवालदार आला. वाटीबाईंचे डोळे भरले. भरू देत.

टँकरवाला समोरच उभा होता, हातात पोरीच्या औषधाची पिशवी. मला वाटलं, हा तरी माझ्या बाजूने एक शब्द बोलेल. इतके दिवस शेजारी बसलो, त्याच्याकडून चहा घेतला. तो माझ्याकडे बघत राहिला आणि जिना उतरून गेला. माणसं अशीच. वेळ आली की कुणी कुणाचं नसतं.

२४ फेब्रुवारी

मुलाने सही केली नाही. म्हणाला, "बाबा म्हणतात त्यात काही तथ्य असेल तर?" आयुष्यात पहिल्यांदा त्याने माझं ऐकलं. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

सून कुणाशी बोलत नाही. तिने फक्त एकच विचारलं, "एकवीस दिवसांच्या पुढे ते तुकडे चालत नाहीत. तीन मार्चनंतर मी मुंगीला काय सांगू?" मी म्हणालो, दुसरे मिळतील. ती म्हणाली, "हे मिळायला पाच महिने लागले."

ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अख्खी हयात दुसऱ्यांची घरं उभी केलीत. स्वतःच्या घराच्या वेळेला हातोडा कुठून आला हो तुमच्या हातात?"

बाकावर टँकरवाला नव्हता.

२६ फेब्रुवारी

हे सविस्तर लिहायचं आहे.

वाटीबाईंनी मला एकट्यालाच बोलावलं. मी रागावूनच गेलो. त्यांनी एका काचेच्या खिडकीपाशी उभं केलं. आत एक कपाट, त्यात चपट्या वाट्या, प्रत्येक वाटीत स्पंजचा तुकडा आणि त्यावर नखाएवढा फिकट काप. मुंगीच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचं सामान. एका ताटात मावलं असतं.

त्यांनी विचारलं, "आजोबा, तुमचा धंदा काय होता?"

"सेंट्रिंग. स्लॅबखालचं."

"म्हणजे नेमकं काय?"

शिकलेल्या माणसाला सेंट्रिंग माहीत नसतं! मी सांगितलं. काँक्रीट म्हणजे ओली खिचडी. ती ओतायच्या आधी आम्ही खाली बल्ल्या उभ्या करतो, फळ्या ठोकतो, ओळंबा लावतो. खांब कुठे, तुळई कुठे, जिना कुठे वळणार, हे सगळं आमच्या फळ्या ठरवतात. काँक्रीटला काय अक्कल! ओताल तिथे पसरतं. आम्ही धरून ठेवतो, मग ते आकार घेतं. आणि घर झालं की आमच्या फळ्या काढून फेकतात, फोटोत मालक, इंजिनियर आणि नारळाएवढं हसणारा ठेकेदार. चाळीस वर्षांत एकाही वास्तुशांतीला मला कुणी विचारलं नाही की आकार कुणी दिला.

वाटीबाईंनी चष्मा वर सरकवला. म्हणाल्या, "लढणाऱ्या पेशी मुंगीच्या हाडांत तयार होतात. तिच्या स्वतःच्या. पण कच्च्या. ओली खिचडी. त्यांना कुठे जायचं, काय व्हायचं, कुणाला मारायचं हे काही कळत नाही. या आधार पेशी त्यांना बोलावतात, ठेवून घेतात, वळण लावतात. बाहेरच्या थरातल्या शिकवतात की परका ओळखायचा कसा. आतल्या थरातल्या परीक्षा घेतात, आपल्याच माणसावर हात उचलणारी पेशी तिथेच बाद. मुंगीकडे खिचडी आहे, आजोबा. फळ्या नाहीत."

मी काचेला नाक लावून पुन्हा त्या वाट्या बघितल्या.

मग त्यांनी सांगितलं की आईच्या पोटात ही ग्रंथी गळ्यापाशी सुरू होते आणि खाली छातीत उतरते. ती उतरताना तिच्याभोवती दुसऱ्या साध्या पेशींचं एक वेष्टन येतं, ते तिला वाट दाखवतं, वाढवतं. मुंगीच्या वेळेला तेच आलं नाही. म्हणजे कामावर माणसंच आली नाहीत आणि ठपका इमारतीवर!

मी विचारलं, "इतकं सगळं या करतात, मग कागदावर नुसतं 'आधार' का छापलंत?"

"पूर्वी लोकांना वाटायचं, या नुसत्या भरणीच्या. मध्ये जागा धरून ठेवणाऱ्या. नाव तेव्हाचं आहे."

आता मला खरा राग आला. नुसत्या भरणीच्या! मी म्हणालो, "बाई, तो कागद बदला. आधी ते यौवनलोपी खोडा, मग हे आधार खोडा."

"यौवनलोपी बरोबर आहे हो. तारुण्यानंतर ती ग्रंथी आक्रसत जाते. तुमची तर आता जवळजवळ सगळी चरबी झाली असेल."

"माझी?" मी छातीवर हात ठेवला. सत्तर वर्षं सोबत घेऊन फिरतो आहे आणि कुणी सांगितलंसुद्धा नाही.

चोथा मीच म्हणालो. सेंट्रिंगवाला असून. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर समजण्यासारखं होतं.

घरी आल्यावर मुलाला म्हणालो, "सही कर." तो म्हणाला, "परवा तर..." मी ओरडलो, "परवा मी गाढव होतो! सही कर!" ही आतून म्हणाली, "परवाच का?"

२ मार्च

झालं. विसाव्या दिवशी. दोन्ही मांड्यांत. तीन तास लागले. सून माझ्या शेजारी येऊन बसली, आणि तिच्या डब्यातली अर्धी पोळी माझ्याकडे सरकवली.

टँकरवाला कुठेच नाही. रखवालदाराला विचारलं. तो म्हणाला, त्यांच्या बाळाला दुसऱ्या मोठ्या हॉस्पिटलात हलवलं, जंतुसंसर्ग झाला होता. मला सांगून गेला असता तर काय बिघडलं असतं! मला त्याचं नावही माहीत नाही.

२३ मार्च

आज मी पुन्हा तमाशा केला, हे कबूल करतो.

आजचा एकविसावा दिवस. आमच्या धंद्यात एकविसाव्या दिवशी प्रॉप, म्हणजे स्लॅबखालचे टेकू, काढतात. एका ठेकेदाराने घाईने दहाव्या दिवशीच काढायला लावले होते, स्लॅब मधोमध ताटासारखा बसला, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. सकाळी नर्स ट्रे घेऊन आली, कात्री, चिमटा. म्हणाली, "काढायला आलेय." मी दारात आडवा झालो. "हात लावायचा नाही! अजून काही धरलेलं नाही!"

तिला टाके काढायचे होते. आत शिवलेलं कुणीच काढणार नव्हतं, ते कायमचंच आहे. वाटीबाई हसून हसून भिंतीला टेकल्या. पण हे आधी सांगायला नको? कागदावर यौवनलोपी छापायला जागा आहे, "काढायचं नाही" एवढं छापायला नाही?

१९ जून

दर महिन्याला रक्त तपासतात, नव्या शिकून तयार झालेल्या पेशी मोजतात. एप्रिल शून्य. मे शून्य. आज शून्य. वाटीबाई म्हणतात, सहा महिने ते वर्ष लागतं. मुंगी बसायला लागली, पट्टीच्या वरचे माझे डोळे ओळखते. पेशींचं तेवढं शून्य.

२१ जुलै

चार! चार म्हणजे काहीच नाही असं वाटीबाई म्हणाल्या, आणि मग स्वतःच दोनदा कागद बघितला.

८ ऑगस्ट

मुंगीला ताप. काचेच्या खोलीतून आतल्या खोलीत नेलं. कुणालाही सोडत नाहीत. कुणी आणला हा ताप? मी टोपीतून केस बाहेर ठेवले होते का? मी दाराच्या कडीला हात लावून मग धुतला होता की आधी? मला आठवत नाही. कुणी माझ्यावर आळ घेत नाही, त्याचाच जास्त संताप येतो.

१४ ऑगस्ट

ताप उतरला. पेशी पुन्हा शून्य.

मी वाटीबाईंना म्हणालो, "स्लॅब पडला. सांगून टाका." त्या म्हणाल्या, "आजारपणात ही ग्रंथी आक्रसतेच, अगदी धडधाकट मुलांचीसुद्धा. आतल्या शिकाऊ पेशी पटापट मरतात. पण आधार पेशी चिवट असतात. त्या टिकल्या असतील तर त्याच एकमेकींना खुणा करून पुन्हा सगळं उभं करतात. मी गेली सहा वर्षं तेच बघतेय."

"आणि टिकल्या नसतील तर?"

त्यांनी खोटं सांगितलं नाही. म्हणाल्या, "तर मलाही माहीत नाही."

रागावायला समोर कुणीच नव्हतं. घरी येऊन मोरीचा नळ दुरुस्त केला. वॉशरच गेला होता.

२० सप्टेंबर

बेचाळीस.

मुलगा जिन्यात बसून रडला. मी त्याला म्हणालो, "रडतोस काय, फळ्या शाबूत आहेत." त्याला काही कळलं नाही. त्याने मान डोलावली.

१७ नोव्हेंबर

दोनशेच्या वर. पुढच्या आठवड्यात मुंगीला घरी न्यायला परवानगी. आज काचेचं दार उघडं असताना मी पट्टी खाली केली, वाटीबाईंच्या समोर, त्यांच्या परवानगीने. मुंगीने माझं तोंड बघितलं आणि भोकाड पसरलं. ही म्हणाली, "पोर हुशार निघाली."

मी वाटीबाईंना सांगितलं, ज्यांनी तुकडा दिला त्यांना भेटायचं आहे. नाही म्हणाल्या, नियम. नाव नाही, गाव नाही. हा कसला नियम! माणसाने आयुष्य द्यायचं आणि आम्ही हवेला नमस्कार करायचा? मी आवाज चढवला. तेव्हा त्या म्हणाल्या, "बिननावाची चिठ्ठी देता येते. मी वाचून, ओळख पटेल असं काही असेल ते खोडून पुढे पाठवेन. आणि खरं तर त्यांची एक आली आहे. मार्चमध्येच. पेशी येईपर्यंत देऊ नका असं त्यांनीच सांगितलं होतं."

एवढीशी घडी. वहीच्या कागदाची. आत पेनने एकच ओळ.

"आमचा चोथा रुजला का?"

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. वाटीबाई म्हणाल्या, "विचित्र शब्द आहे, पण ओळख पटण्यासारखं त्यात काही नाही, म्हणून मी ठेवला." त्या दिवशी आपण रडलो होतो हे त्या विसरल्या असतील. किंवा नसतील विसरल्या.

मोठ्या घरातलं म्हणे! मी तो शब्द एकदाच बोललो होतो. हॉलमध्ये. तेव्हा तिथे रखवालदार होता, अनोळखी माणसं होती. आणि समोर एक जण औषधाची पिशवी घेऊन उभा होता. त्याच्या आधी त्याच्याकडून चहा प्यालो, त्याला सहीवरून झापला, आणि मग त्याच्याच पोरीच्या... मला लिहवत नाही. इतके महिने मी जगावर रागावत होतो. सगळ्यांत आधी ज्याच्यावर रागवायला हवं होतं तो माणूस रोज दाढी करताना आरशात दिसत होता.

आणि त्या चिठ्ठीत त्याच्या पोरीबद्दल एक अक्षर नाही. आमचा रुजला का, एवढंच. तिचं काय?

वाटीबाईंना माहीत असेल. विचारलं तर त्या खाली बघतात. त्यांना दुसऱ्या हॉस्पिटलातलं कळत नसेल, म्हणून बघत असतील. तसंच असेल.

चिठ्ठी लिहिली, आधी इथे वहीत, मग चांगल्या कागदावर उतरवून. टँकर लिहिलं तर वाटीबाई खोडतील. त्यांना कळणार नाही, त्याला कळेल, असं लिहिलं आहे.

"तुमचा निरोप मिळाला. रुजला. चांगला रुजला. तो शब्द माझा होता, तो मी परत घेतो, तुम्हीही टाकून द्या. तुमच्याकडून सांडलेलं पाणी आम्ही बादलीत धरलं. पोर त्यावर वाढते आहे. मला आता कळलं आहे की तो चोथा नव्हता, ते सगळं घर होतं. तुमचा अर्धा चहा माझ्यावर बाकी आहे. आम्हाला तुमचं नाव नको, गाव नको. पण तुमची लेक कशी आहे तेवढं लिहा. एक ओळ पुरे. बरं असेल तरी लिहा, नसेल तरी लिहा. मी अधीर आणि भित्रा म्हातारा आहे, मला नाही त्या शंका येतात. उशीर करू नका. लवकर कळवा."